शरयू कर्णिक बसत नाही

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी शरयू कर्णिक बसत नाही. कधीच नाही असं नव्हे. रिक्षात बसते, दाताच्या डॉक्टरकडे बसते, पण तेही नाइलाज म्हणून. स्वतःच्या घरात मात्र ही एकाहत्तर वर्षांची बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असते. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, मेथी निवडायची तर ओट्यावर ताट ठेवून उभ्याने. घरात खुर्ची एकच, आणि तीही पाहुण्यांसाठी. आपण त्या खुर्चीवर आणि ती समोर उभी, असं झालं की मुख्याध्यापिकेच्या खोलीत बोलावल्यासारखं वाटतं. मी इंग्रजी शिकवण्यात एकतीस वर्षं घालवली, त्यामुळे ही भावना मला नीट ओळखता येते.

"पाठ दुखत नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"पाठ बसणाऱ्यांची दुखते, नलूताई," ती म्हणाली आणि माझ्या पाठीकडे पाहिलं.

अनय, सई, माझ्या नातवंडांनो, तुम्ही मागच्या वेळी स्कॉटलंडहून आलात तेव्हा जिन्यात पट्टी घेऊन वाकलेल्या ज्या आजीला तुम्ही 'महापालिकेतून आलात का?' असं विचारलं होतं, ती हीच. तेव्हा ती पायऱ्यांची उंची मोजत होती. आपल्या डोंबिवलीच्या या इमारतीत पहिल्या मजल्यावर चढताना प्रत्येक जण एकाच जागी अडखळतो आणि प्रत्येक जण स्वतःच्या चपलेला दोष देतो. शरयूने मोजून दाखवलं की सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा दीड सेंटिमीटर उंच आहे. तिने रीतसर आकृती काढून सोसायटीचे सेक्रेटरी पाटकर यांना दिली. पाटकर म्हणाले, पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. ती मीटिंग होईपर्यंत शरयूने स्वतःच त्या पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारला. पाटकर धावत आले.

"कोणाच्या परवानगीने?"

"अडखळणाऱ्यांच्या," शरयू म्हणाली.

पट्टा अजून आहे. आता कोणी अडखळत नाही. फक्त पाटकर अडखळतात, आणि ते मुद्दाम, असं शरयूचं म्हणणं आहे.

तिच्या पर्समध्ये पट्टी असते, शिसपेन्सिल असते आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असतं. हे ब्लेड समजून घ्यायचं तर तिची नोकरी समजून घ्यायला हवी. ठाण्याच्या एका कारखान्यात ती बावीस वर्षं ट्रेसर होती. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने यंत्राचं चित्र काढायचे आणि ट्रेसिंग रूममधल्या बारा बायका त्यावर पारदर्शक कागद लावून ते शाईने गिरवायच्या. त्या कागदाच्या मग प्रती निघायच्या आणि कारखान्यात जायच्या. शाईची चूक रबराने पुसता येत नाही. ती ब्लेडने, श्वास रोखून, खरवडावी लागते. शरयूला कुठेही चूक दिसली की तिचा हात अजून पर्सकडे जातो. "ब्लेड आणू का?" हे तिचं पेटंट वाक्य. माझ्या भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेवरचा नकाशा चुकीचा होता. तिने खरवडून, दुरुस्त करून, पत्रिका वरपक्षाला परत पाठवली. वरपक्ष अजून आमच्याशी जरा जपूनच बोलतो.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि ट्रेसिंग रूम बंद झाली. बारा जणींना एकाच दिवशी नारळ मिळाला. त्यानंतर शरयूने पंचवीस वर्षं शिकवण्या केल्या, भूमितीच्या. लग्न केलं नाही. "विचारणारे सगळे बसूनच विचारत होते," म्हणते. आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी तिने स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये नाव घातलं, कॉम्प्युटरवर यंत्रांचं डिझाइन शिकायला. ज्या यंत्राने तिची नोकरी खाल्ली त्याच यंत्रासमोर जाऊन ती उभी राहिली. अक्षरशः उभी. क्लासचे पराग सर, वय बत्तीस, म्हणाले, "मॅडम, चेअर आहे ना." ही म्हणाली, "मॉनिटर वर घ्या." तेव्हापासून तिचा मॉनिटर चार जाड डिक्शनऱ्यांवर ठेवलेला असतो. त्यातल्या दोन माझ्या.

क्लासमध्ये सगळी पोरं शेवटच्या प्रोजेक्टला टेबलफॅन नाहीतर पाण्याचा पंप करत होती. शरयूच्या डोक्यात जे भरलं त्याला जबाबदार तू आहेस, अनय. तू मला तुमच्याकडच्या डोंगरातल्या स्पर्धेचा एक व्हिडिओ पाठवला होतास. मी तो कौतुकाने शरयूला दाखवला. एक मुलगी मोटरसायकल घेऊन दगडांवरून चालली आहे, अगदी सावकाश, मध्येच एका शिळेवर थांबली आहे, आणि दोन्ही पाय वर. ना घाई, ना धूळ. ट्रायल्स म्हणतात म्हणे याला. वेगाची शर्यत नाहीच. पाय जमिनीला टेकला की दंड.

शरयूने तो व्हिडिओ नऊ वेळा पाहिला.

"नलूताई, गाडीला सीट नाही."

"असेल गं, दिसत नसेल."

"नाहीच आहे. बसायचं नसतंच. सगळं उभ्याने." तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, हिला आता कोणी मागणी घालायला आलं तर उभ्यानेच आलेलं चालेल. "मी ही गाडी करणार."

"कॉम्प्युटरवर?"

"मग काय स्वयंपाकघरात?"

पुढचे अकरा महिने तिच्या घरात दुसरा विषय नव्हता. एकेक बोल्ट, एकेक वायसर, ब्रेकच्या तारेला धरून ठेवणारी चिमटी, सगळं मापानिशी. गाडी तिने कधी चालवलेली नाही, सायकलसुद्धा नाही. तरी माजिवड्याच्या एका गॅरेजमध्ये जाऊन तिने उघडलेल्या इंजिनाची मापं घेतली. मेकॅनिक म्हणाला, "आजी, गाडी कुठली तुमची?" ही म्हणाली, "अजून काढते आहे." त्याला वाटलं, शोरूममधून.

चाकांना बत्तीस-बत्तीस स्पोक. एक काढला की बाकीचे एकतीस कॉम्प्युटर आपोआप काढतो, हे कळलं त्या दिवशी ती आनंदी होईल असं मला वाटलं होतं. ती संतापली. "मी आयुष्यभर बत्तीसच्या बत्तीस गिरवले," म्हणाली, आणि ओट्याशी उभी राहून गार झालेला चहा प्यायली.

या उद्योगातून आमच्या इमारतीला एक नवी भाषा मिळाली. त्या प्रोग्रॅममध्ये रेघ काढली की ती आधी निळी दिसते. निळी म्हणजे अजून मोकळी, धक्का लागला की हलणारी. तिला सगळी मापं दिली की ती काळी होते, मग ती जागची हलत नाही. आणि एकमेकांशी न जुळणारी मापं दिली की लाल. शरयूने हे माणसांना लावलं. "तुमच्या समोरचे नवे भाडेकरू निळे आहेत, टिकायचे नाहीत." भाडेकरू दोन महिन्यांत गेले. "पाटकर लाल." माझ्याबद्दल मी विचारलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही काळ्या. जरा जास्तच." माझ्या कपाटात साड्या रंगांच्या क्रमाने आहेत, त्यावरून असावं.

गाडी पाहायला सगळे जाऊन आले. पडद्यावर ती फिरवता यायची, वरून, खालून, आतून. आणि पाहिल्यावर प्रत्येक माणसाने एकच प्रश्न विचारला. दूधवाल्याने, पाटकरांनी, तुमच्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर, आणि खरं सांगायचं तर मीही, माहीत असून, सवयीने: "सीट कुठे आहे?"

"बसायचं नसतं," शरयू म्हणायची. दर वेळी तेवढ्याच जोरात.

मग प्रदर्शनाचं ठरलं. पराग सरांनी एक हॉल घेतला, मुलांचे प्रोजेक्ट मोठ्या कागदांवर छापून लावायचे होते. शरयूची गाडी प्रवेशद्वाराशी लागणार होती. तिने इमारतीतल्या चौदा घरांना आमंत्रणं दिली, प्रत्येक हाताने लिहिलेलं, अक्षर असं की छापलेलं वाटावं. गाडीचा छापलेला कागद मला दाखवताना तिने त्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. प्रत्येक ड्रॉइंगला तिथे एक चौकट असते. डिझाइन कोणी केलं, काढलं कोणी, तपासलं कोणी. पूर्वी खाली एक बारीक रकाना असायचा, गिरवलं कोणी. बावीस वर्षं तिची आद्याक्षरं त्या तळाच्या रकान्यात गेली. आता सगळ्यात वर लिहिलं होतं: डिझाइन, शरयू गो. कर्णिक.

ती त्या नावाकडे ज्या तऱ्हेने पाहत होती त्यावरून मला कळलं की गाडी वगैरे ठीक आहे, हे अकरा महिने या एका ओळीसाठी होते.

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी ती भांडून आली. मी सोबत होते, म्हणून जसं झालं तसं सांगते. 'तपासले' हा रकाना रिकामा होता. सगळ्या मुलांच्या कागदांवर तिथे पराग सरांची सही होती. सरांनी पेन काढलं.

"थांबा," शरयू म्हणाली. "तुम्ही तपासलंय का?"

"मॅडम, फॉरमॅलिटी असते ती. सगळ्यांच्या शीटवर माझीच साइन जाते."

"तपासलंय का?"

"अहो मॅडम, चारशे बारा पार्ट आहेत. कोण बघत बसणार?"

"बसू नका. उभ्याने बघा."

मागे दोन पोरं हसली. सर वाईट नव्हते, पण हसण्याने ते दुखावले. "कॉम्प्युटरने चेक केलंय, कुठे काही आदळत नाही. माझ्या क्लासचं प्रदर्शन आहे. साइनशिवाय शीट लागणार नाही."

"मग नका लावू," शरयू म्हणाली, कागदाची गुंडाळी केली आणि निघाली.

घरी आल्यावर मी तिला चांगलं झापलं. हटवादीपणाला सीमा असते, म्हटलं. चौदा घरांना काय सांगणार? एका सहीने काय बिघडलं असतं? तुझं नाव लागलं असतं ना वर?

ती माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजला टेकून उभी होती. टेकून, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ती टेकतसुद्धा नाही.

"न बघता केलेल्या सहीने काय होतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. आणि मग एकवीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा तिने मला रत्ना जाधवबद्दल सांगितलं.

रत्ना ट्रेसिंग रूममध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर होती. नवी, वयाने लहान, नोकरीत अजून पक्की झालेली नव्हती. एकदा एका मशीनच्या झाकणाचं ड्रॉइंग गिरवताना ती हळूच म्हणाली, "कर्णिकबाई, हा दांडा वर उचलला की झाकणाला लागेल हो." शरयूने पाहिलं. खरंच लागत होता. पण त्या चित्रावर तपासणाऱ्या साहेबांची सही होती. शरयू म्हणाली, "आपण गिरवायचं. तुला पक्कं व्हायचंय ना? मग बोलू नकोस." रत्ना बोलली नाही. दोनशे झाकणं चुकीची ओतली गेली. चौकशी झाली तेव्हा साहेब म्हणाले, मी तपासलं तेव्हा बरोबर होतं, गिरवताना चुकलं असणार. तळाच्या रकान्यात रत्नाची अक्षरं होती.

"सगळ्यांना खोलीत बसवलं होतं. विचारलं, ही चूक आधी कोणाच्या लक्षात आली होती का? असेल तर उभं राहा." शरयू माझ्याकडे पाहत नव्हती, फ्रिजच्या दाराकडे पाहत होती. "मी बसून राहिले, नलूताई."

रत्नाला काढलं.

मी चहा ठेवला.

"ती शहाडला असते," शरयू म्हणाली. "नंबर आठ वर्षांपूर्वीच मिळवलाय. वहीत आहे. तपासायचं तर तिनेच. रविवारी याल का सोबत?" आणि मग, जे तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं: "एकटीने जमायचं नाही."

रविवारी, म्हणजे प्रदर्शनाच्याच दिवशी, आम्ही रिक्षाने निघालो. दोघींच्या मांड्यांवर आडवी, ड्रॉइंगच्या गुंडाळीची लांब नळी. पत्री पूल ओलांडताना रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"आजी, बंदूक-बिंदूक हाय काय?"

"मोटरसायकल," शरयू म्हणाली. पुढे शहाडपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही.

रत्नाचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. खिडकीशी शिलाई मशीन, आणि दोरीवर बिनबाह्यांचे, अर्धवट शिवलेले सात-आठ ब्लाऊज. रत्ना ठेंगणी, जाड भिंगांची, हातात टेप. दार तिनेच उघडलं.

"या कर्णिकबाई," रत्ना म्हणाली. "केस गेले की ओ तुमचे."

"तुझे पांढरे झालेत."

"मग काय निळे व्हायला पाहिजे होते?"

मला हसू आलं, पण शरयू हसली नाही. रत्नाने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. शरयू अर्थातच उभी राहिली, म्हणून खुर्चीवर मी बसले. कोणीतरी बसायला हवंच होतं. कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर रत्नाने कात्री, इस्त्री आणि दोन डबे ठेवले.

"काय करू मी ह्याचं?"

"तपास," शरयू म्हणाली. "चूक असली तर सांग. मोठ्याने सांग."

रत्नाने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग गुडघ्यांवर बसली आणि चष्मा नाकावर खाली ओढून कागदावर वाकली. ब्लाऊजचं कापड बघावं तशी ती तो कागद बघत होती, बोट रेघेवरून फिरवत, मध्येच थांबत, ओठांतल्या ओठांत काही मोजत. अर्धा तास गेला. खालच्या गल्लीत क्रिकेट चाललं होतं. शरयू खांब झाली होती. मी घड्याळ पाहिलं आणि मनात म्हटलं, आता हॉलमध्ये पराग सर फीत कापत असतील.

"हे मागचं चाक," रत्ना म्हणाली, "दगडावर गेलं की वर उचलतं ना?"

"उचलतं."

"मग ही साखळी कुठं जाते?"

शरयू वाकली.

"चाक खाली असताना बरोबर आहे. पण वर गेलं की साखळी इथं ह्या पट्टीला घासणार, बाई. ब्लाऊजचं तेच असतं. हात खाली असताना सगळेच चांगले बसतात. हात वर केला की कळतं, कुठं ओढतोय."

कॉम्प्युटरने सांगितलं होतं की काही आदळत नाही. खरंच होतं ते; त्याला कोणी चाक वर उचलायला सांगितलंच नव्हतं. शरयूच्या रेघा आयुष्यभर निर्दोष होत्या, पण त्या जागच्या जागी होत्या. हलणारं चित्र दिसायचं ते रत्नालाच.

मी शरयूकडे पाहिलं. लग्नपत्रिका दुरुस्त करून परत पाठवणारी बाई. माझ्या डोळ्यांदेखत तिला कोणी चूक दाखवण्याची ही पहिली वेळ होती. मला वाटलं, आता ती सातव्या पायरीसारखी दीड सेंटिमीटर वर होणार.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "चूक माझी आहे." मग म्हणाली, "तीही माझीच होती."

रत्नाने टेप बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"ती मी कधीच खरवडली, कर्णिकबाई. थोडे दिवस वाट बघितली तुमची. मग मशीन घेतलं." तिने शिलाई मशीनकडे मान केली. "खरवडलं तरी तेवढी जागा पातळ राहते. तुम्हाला काय सांगायचं."

"राहते," शरयू म्हणाली.

"सही आज नाय करणार मी. आधी नीट करून आणा."

"नकोच करू," शरयू लगेच म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो आनंद होता तो प्रवेशद्वाराशी कागद लागून आला नसता. सही न मिळाल्याने एवढं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

त्या कागदावर आता सही आहे. आणखी तीन रविवार लागले त्याला. तो आपल्या इमारतीत तळमजल्यावर, लिफ्टशेजारी लावला आहे. डिसेंबरात आलात की बघा. पाटकरांनी परवानगीचं विचारलं, ते सोडा. चौकटीत वर शरयूचं नाव, आणि 'तपासले' या रकान्यात मोत्यासारख्या तिरप्या अक्षरांत: रत्ना भि. जाधव. लिफ्टची वाट पाहणारे लोक कागद वाचतात आणि मला विचारतात, सीट कुठे आहे.

रत्नाने मात्र ते विचारलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. त्या दिवशी तिने शिसपेन्सिल शोधली, टोक जिभेला लावलं आणि वर पाहून म्हणाली, "उभ्या काय राहिलात? या ना इकडं. चाक किती वर जातं ते दाखवा मला."

शरयूने चष्मा पुसला. मग मशीनचा कोपरा धरून, गुडघ्यांचा कडकड आवाज करत, ती खाली तिच्या शेजारी बसली.